जोडखांबाची फट

"पोरी, खांब तोतारामनीच सरकाडा. त्याले धर."

पारोळ्याच्या ठाण्यात हा फोन घेतला फौजदार संघमित्रानं. बोलत होत्या झुंबरबाई, रुपचंद गुरुजींच्या पत्नी. गुरुजींनी संघमित्राला भूमिती शिकवली होती. कालच त्यांचा तेरावा झाला होता.

गावाबाहेर दोन प्राचीन दगडी खांब आहेत, जवळजवळ उभे. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे झाले की सूर्योदयाची तिरीप त्यांच्या फटीतून मागच्या शिळेवरच्या कमळावर पडायची. गुरुजींनीच हे शोधलं, मोजलं. मग तीन वर्षं अंथरुणाला खिळले. यंदा उठले, आणि हौसेनं जळगावच्या जाणकारांना घेऊन गेले. तिरीप कमळाच्या बोटभर अलीकडेच थांबली. लोक हसले. कुणी तोंडावर म्हणालं, थापा मारता. गुरुजींनी अन्न सोडलं, आठव्या दिवशी गेले. शब्दानं माणूस मरतो, बरं का.

संघमित्रा आधी झुंबरबाईंकडे गेली. देवळीत तेल-शेंदराची वाटी होती.

"अक्का, तुम्ही खांबाकडे जायच्या?"

"दर शनवारले. देव शे तो. त्यानीच यास्ले अंथरुनवरतून उठाडं."

तिथून ती तोतारामच्या शेतात गेली. खांब त्याच्याच बांधाला होते. गाव त्याच्यावर उठलं होतं, रात्रीतून त्याची केळी कापली होती.

"ट्रॅक्टर खांबाला लागला?"

"नाही, मॅडम. बांधावरून गुरुजींशी भांडलो, कबूल. पण गुरुजींच्या खांबाला हात लावीन? माझ्या पोरीला फुकट शिकवलं त्यांनी."

"मग खांब हलला कसा?"

"हलला कुठं? बुडाशी बघा की."

ती खाली बसली. दोन्ही खांबांच्या बुडाशी जुनं वारूळ होतं, कुठं तडा नाही. झुंबरबाईंकडून आणलेल्या गुरुजींच्या वहीत फट आठ सेंटिमीटर होती. तिनं टेप लावला. सहा.

उजव्या खांबाची आतली बाजू तिनं नखानं खरवडली. नखात शेंदूर आला, थरावर थर. हे सांगायचं कसं? पण न सांगावं तर तोताराम फुकट मरत होता.

ती परत येऊन झुंबरबाईंपुढे जमिनीवर बसली.

"अक्का, तोतारामभाऊंचा दोष नाही. खांब जिथल्या तिथं आहेत. फट अरुंद झाली ती शेंदरानं. दर शनिवारी एक थर, तीन वर्षं. दोन सेंटिमीटर चढला, तेवढीच तिरीप कापली गेली. खांब पहिल्यापासून शेंदरी, म्हणून कुणाला दिसलं नाही. गुरुजींनी पुन्हा मोजलंच नाही, स्वतःच्या मापावर भरवसा होता त्यांचा. ते खोटं बोलले नव्हते, अक्का."

झुंबरबाईंनी देवळीतली वाटी खाली उतरवली.

"शेंदूर तं मीच लावू."

"तुम्ही त्यांच्यासाठीच लावत होता."

"त्यास्नी माले इचारं व्हतं, खांबले कोणी काही करं का. मी नही म्हनी." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तोतारामनं नाव खोड, पोरी. मन्हं लिख."

संघमित्राला पेन उचलवेना. म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली.