शिडी काढली

भाची कायम झाली, तर माझे दोन फायदे होते. एक, "इतकी वर्षं कोर्टात घालवलीस, भाचीला साधं चिकटवता येईना?" हे ताईचं पालुपद बंद होणार होतं. दुसरा, दप्तरखान्याच्या माळ्याची चौदा पायऱ्यांची शिडी तिच्या गळ्यात पडून माझे गुडघे सुटणार होते. म्हणून साहेबांकडे तिचं नाव मीच दिलं.

माळ्यावर एक जुनी वही होती. चेटकीण ठरवून फाशी दिलेल्या अकरा बायकांची. पानं इतकी कुजलेली की खाली आणायची सोय नाही. वरच बसून नक्कल करायची. काम संपलं की साहेब अर्जावर 'कायम'चा शिक्का मारणार. तोवर भाची हंगामी.

वहीत बायकांची नावं नव्हती. 'सुईण.' 'विणकराची विधवा.' पुढचा रकाना: नाव कोणी दिलं. दीर, शेजारी, सख्खा भाऊ. त्यापुढे: त्याला काय मिळालं. विहीर, शेताचा तुकडा. मग 'कायम' असा शिक्का, म्हणजे शिक्षा कायम. आणि शेवटी 'शिडी काढली', पुढे वेळ. गळ्यात फास घालून पायाखालची शिडी काढायची तेव्हाची पद्धत.

"मामा, एकानं तर गाईसाठी नाव दिलंय," भाची पहिल्या दिवशी हसून म्हणाली. "निदान दुभती तरी होती का?"

चौथ्या दिवशी ती हसत नव्हती. "मामा, बारावी कोण?"

"साहेबांच्या नकलेच्या हुकमात अकराच आहेत."

"खाली बारावी ओळ आहे. काल कोरी होती. आज पहिला रकाना भरलाय."

मला लगेच वास आला. भुताची आवई उठवली की माळा चढणं टळतं. पोरगी आमच्या ताईचीच. मी कण्हत वर चढलो. बाराव्या ओळीत लिहिलं होतं, 'नक्कल करणारी.' शाई जुनी, तपकिरी. अक्षर मात्र भाचीचं.

"हे तुझं अक्षर आहे."

"तेच तर! मी लिहिलेलं नाही, मामा."

"मग काय वहीनं लिहिलं? साहेबांना कळलं तर दोघांचीही बिनपाण्यानं करतील."

ती पुन्हा नकलेला बसली. पण त्या दिवसापासून कॉलरमध्ये बोट घालून गळा सैल करायची तिला सवय लागली.

शनिवारी सकाळी साहेबांनी अर्ज पुढे ओढला. "शिफारस तुमचीच ना, मामा?" असं विचारून शिक्का मारला. कायम. मी आनंदानं दप्तरखान्यात आलो. वर टाकाची कुरकुर चालू होती. नक्कल तर कालच संपली होती.

म्हटलं, आता रंगेहाथ धरू. मी शिडी उचलून बाजूच्या भिंतीला लावली.

"खरं सांग, मग शिडी देतो."

कुरकुर थांबली.

"मामा, शिडी काढलीत?"

"काढली."

"किती वाजलेत?"

"अकरा. का?"



वर एकदाच फळी करकरली.

मी हाक मारली. परत मारली. मग शिडी लावून, गुडघ्यांना शिव्या देत वर गेलो.

माळ्याला दुसरी वाट नाही. झरोक्याला गज आहेत. तिच्या चपला वहीजवळ नीट जोडून ठेवलेल्या होत्या. भाची नव्हती.

बारावी ओळ पूर्ण भरली होती.

नक्कल करणारी. नाव दिलं: मामानं. त्याला मिळालं: गुडघे. त्यापुढे शिक्का, कायम. बोट लावलं, तर शाई ओली.

शिडी काढली: सकाळी अकरा.

मी तसाच धावत खाली आलो. चौदाच्या चौदा पायऱ्या, एका दमात. खाली पोचल्यावर लक्षात आलं, गुडघे दुखत नव्हते.

अजूनही दुखत नाहीत.