चवळीखाऊची साक्ष

"तुनतुनमावशी, दुपारच्या नमाजानंतर माझ्या भावाची मान उडवणार आहेत!"

न्यामोये कोने दारातच बसली. तिचा भाऊ नफाली जेन्ने गावचा नावाडी. नदीच्या अरुंद फाट्यात कुणीतरी खुणेच्या काठ्या रोवल्या होत्या, उत्तरेच्या बंदूकवाल्यांच्या होड्यांना वाट कळावी म्हणून. आळ नफालीवर आला होता.

"बरं झालं," तुनतुनचा दीर मादू त्राओरे म्हणाला. "एक चवळीखाऊ कमी!"

न्यामोये रडता रडता फिस्सकन हसली. "गप रे त्राओरे! पोट बघ तुझं, चवळीचं पोतं नुसतं!"

मादूने तिला स्वतःच्या हाताने पाणी दिलं.

तुनतुनने डोक्याला फडकं बांधलं. गावात काही हरवलं, कुणी मेलं, की लोक काझीच्या आधी तिच्याकडे येत.

तिकडे बंदूकवाल्यांनी राजधानी गाओ घेतलेली, तिथलं तख्त मोडलेलं. शुक्रवारी मशिदीत कोणत्या राजाचं नाव घ्यायचं हे इमामालाच कळेना. पंच तर पार भेदरलेले. भेदरलेल्या पंचांना कुणाची तरी मान लागते, आणि नावाड्याची फुकट मिळते.

तुनतुन दोघांना घेऊन फाट्यावर गेली. काठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांवर तांबूस डाग.

"रक्त?" मादूने विचारलं.

"रक्तावर एव्हाना माश्या घोंघावल्या असत्या." तुनतुनने एक चिंधी सोडून कमरेला खोचली.

कोळ्यांचा म्होरक्या कोंताओ तिथेच जाळं झटकत होता. "पाणी आमचं, आणि काठ्या रोवताना आम्हाला विचारायचं नाही? पण नफाली कशाला रोवेल? तो डोळे मिटून होडी नेतो."

"तू रोवल्यास?"

"मावशी, मी पाण्यात जन्मलो. मला खुणा लागतात का?"

मग तिने नफालीविरुद्धचा साक्षीदार गाठला: चघळायच्या कोला बियांचा व्यापारी, बेंबा त्राओरे. दक्षिणेहून नफालीच्याच होडीतून आलेला. त्याने आदराने बिया पुढे केल्या. सुकून सुरकुतलेल्या. तुनतुनने एक चावली आणि तांबूस थुंकली.

"नफालीला काठ्या रोवताना मी याच डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला.

"खोटं बोलतोस, चवळीखाऊ!" न्यामोये किंचाळली.

बेंबाचा चेहरा काळवंडला. "या बाईला आवरा! त्राओरे घराण्यात असली शिवी कुणी ऐकून घेत नाही."

बाहेर येताच मादूने डोकं खाजवलं. "वहिनी, माझाच भाऊबंद तो. चारचौघांत बाई ओरडली, माणूस चिडणारच. मग माझ्या पोटात असं का ढवळतंय? काहीच कळेना मला."

"पोटाला कळलंय, भाऊजी. डोक्याला उशीर लागतो तुमच्या."

मशिदीसमोर पंच जमले. नफाली दोरांत बांधलेला. तुनतुन सरळ मध्ये जाऊन उभी राहिली.

"हा फाटा ज्यांना पाठ आहे त्यांना खुणा नकोत; फितूर झाले तर ते शत्रूच्या होड्या स्वतःच पुढे होऊन नेतील. म्हणजे नफालीही नाही, कोंताओही नाही. खुणा लागतात त्या नव्या माणसाला, ज्याने ही वाट एकदाच, दुसऱ्याच्या होडीत बसून पाहिली." तिने चिंधी उंच धरली. "हा डाग कोला बियांचा. कोला ओल्या फडक्यात गुंडाळतात, नाहीतर सुकतो. याचा का सुकला? फडकं फाडून काठ्यांना बांधलं म्हणून."

"पण तो त्राओरे आहे!" एक पंच म्हणाला. "खानदानी माणूस!"

"त्राओरे? कोने घराण्यातल्या बाईने चवळीखाऊ म्हटल्यावर तो चिडला! अरे, मयताच्या दारातसुद्धा त्राओरे आणि कोने पिढीजात थट्टेने एकमेकांना हेच म्हणतात. आणि कोनेची मान जाताना त्राओरे आडवा पडतो, साक्ष देत नाही. याने नाव कुठल्यातरी बाजारात ऐकलं, ते घेतलं. नावासोबतची थट्टा घ्यायला विसरला. आणि तुम्ही? टोपलीभर बिया खाल्ल्यात, एकाने तरी विचारलं का, बाबा, तू कुणाचा?"

पंचांनी माना खाली घातल्या. बेंबा पळाला. कोंताओचं जाळं त्याच्या अंगावर पडलं.

मादू दोर कापायला धावला. नफालीने सुजल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"एवढा वेळ कुठे होतास रे चवळीखाऊ?"

"तुझ्या मयताची चवळी शिजत होती," मादू कसाबसा म्हणाला, आणि ढसाढसा रडला.