जैसे थेची चिठ्ठी

"आपा, लगेच या. मशीननं जीव सोडलाय."

फोनवर सुकेशनी होती. हसीनाआपांनी चहाचा कप खाली ठेवला. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांनी चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून हेच वाक्य ऐकलं होतं. फक्त तेव्हा मेलेले असायचे ते फोन.

"जीव सोडलाय, की श्वास हळू चाललाय?"

"हळू. 'म' दाबला की 'म' उमटेपर्यंत माझी एक पोळी लाटून होते."

"म्हणजे जिवंत आहे. कधीपासून?"

"मागच्या मंगळवारपासून."

"सतत, की अधूनमधून?"

"सतत. आपा, उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचंय हो सगळं!"

काय द्यायचं होतं, ते आपांना ठाऊक होतं. सुकेशनीचं सासर फुलंब्रीकडचं, मेंढरं राखणारं. सासरे मुंजाबा मेंढीला नुसतं मेंढी म्हणत नसत. चिरलेल्या कानाच्या मेंढीला एक शब्द, पाऊस यायच्या आधी चरणं थांबवणारीला दुसरा, दुसरीच्या पिल्लाला दूध पाजणारीला तिसरा. सुकेशनीनं तीन वर्षं दर रविवारी एसटीनं जाऊन असे चारशे बारा शब्द वहीत उतरवून घेतले होते. एक प्रकाशक ते छापायला तयार होता. उद्या शुक्रवार. बारा वाजून गेले की त्याच्या यादीत पुस्तकांच्या जागी दिनदर्शिका शिरणार होत्या.

आपांनी आधी तात्यासाहेबांना फोन लावला. तात्या त्याच खात्यातले, तांत्रिक विभागातले. आपांना संगणक त्यांनीच शिकवला, सुकेशनीलाही त्यांनीच. प्रकाशकाची ओळखही त्यांचीच.

"तात्या, चला. सुकेशनीचं मशीन बघायचंय."

"हसीना, गुडघा गं. दिवाळीपासून जिना उतरलेलो नाही. तू जा. पण खरं सांगू? ते मशीन म्हातारं झालंय. नवीन घ्यायला सांग. आणि वही माझ्याकडं पाठव म्हणावं. तीनशे शब्द आहेतच माझ्याकडं पेन ड्राइव्हवर, राहिलेले मीच टाइप करून टाकतो."

"माझ्या हाताखाली अजून एकही मशीन म्हातारपणानं मेलेलं नाही," आपा म्हणाल्या आणि पिशवीत रंगाचा मऊ ब्रश टाकून निघाल्या.

सिडकोतल्या त्या इमारतीला लिफ्ट होती आणि लिफ्टला कुलूप होतं. आपा दोन मजले चढल्या. वर सुकेशनी दारातच उभी. आत तिचा नवरा बिभीषण, वाळूजच्या एका कारखान्यातली रात्रपाळी करून डोळे चोळत बसलेला. खिडकीशी मुंजाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारा दिवसांपूर्वी गावाहून आणलेले. मांडीवर काठी.

"कोण आलं?" मुंजाबांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "बाई हाय. वजनदार. पाऊल पक्कं."

"कौतुक समजू का?" आपांनी विचारलं.

"लई मोठं. असली मेंढी कळपाच्या म्होरं चालती."

कामाला लागण्याआधी आपांनी कागदाचा एक तुकडा फाडला, दोन ओळी खरडल्या आणि तो कीबोर्डखाली सरकवला. ही टेलिफोन एक्स्चेंजची सवय. वायरीला हात लावायच्या आधी चिठ्ठी. नोकरी सुटली, चिठ्ठी सुटली नाही. घरी डाळीच्या डब्याची जागा बदलली तरी आपा चिठ्ठी ठेवत, आणि मग ती चिठ्ठी शोधत.

मग त्यांनी वायरी काढून मशीनचं झाकण उघडलं. पंख्यावर धुळीची रजई होती. ब्रशनं ती झाडली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, चार-चार जीबीच्या. त्या दाबून बघितल्या, घट्ट होत्या. झाकण लावून मशीन चालू केलं.

ते चालू होईपर्यंत सुकेशनीनं पोहे केले, सगळ्यांनी खाल्ले आणि बश्याही धुवून झाल्या.

"हे काय?" आपांनी पडद्याकडं बोट केलं. "मशीन उठलं की त्याच्याबरोबर सतरा जण उठतायत. गाण्यांचं ॲप, बिघडलेल्या प्रिंटरचं ॲप, कुंडलीचं ॲप. कुंडली कुणाची?"

बिभीषण छताकडं बघायला लागला.

आपांनी सतरांतले पंधरा झोपवले. साठलेला तात्पुरता कचरा काढला, ब्राउझरच्या उघड्या पडलेल्या एकेचाळीस खिडक्या बंद केल्या. मशीन पुन्हा चालू केलं. आता 'म' अर्ध्या पोळीत उमटायला लागला.

"सुधारलं!" सुकेशनी म्हणाली.

"नाही." आपांची भुवई वर गेली. "ही घाण वर्षाची आहे. वर्षाची घाण एका मंगळवारी आडवी येत नाही. मंगळवारी काहीतरी झालंय."

त्यांनी मशीनची माहिती उघडली. एक ओळ वाचली. चष्मा पुसून परत वाचली. बसवलेली मेमरी आठ जीबी, वापरण्याजोगी दोन.

"संगणकाच्या दुकानदाराला दाखवलंस ना? काय म्हणाला?"

"नवीन घ्या."

"त्यानं झाकण उघडलं होतं?"

"लांबूनच बघितलं."

आपा आणखी आत शिरल्या. मशीन चालू होताना काय वापरायचं, हे ठरवणारी एक खिडकी असते. तिथं सहसा कुणी फिरकत नाही. तिथं दोन ठिकाणी खूण होती. प्रोसेसर, चारांपैकी एकच वापर. मेमरी, आठांपैकी दोनच.

"बेटा, तुझ्या मशीनला काहीही झालेलं नाही," आपा हळू म्हणाल्या. "कुणीतरी त्याचे पाय बांधलेत. धूळ हे करत नाही. व्हायरसला एवढी शिस्त नसते. ह्याला माणूस लागतो. शिकलेला."

बिभीषण डोळे चोळायचा थांबला.

आपांनी आणखी एक यादी उघडली. बदल करण्याआधी काही जण मशीनमध्ये खूण ठेवून देतात, म्हणजे काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. यादीत एकच खूण होती, हातानं टाइप केलेली. मागचा मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. पुढं चार शब्द:

'जैसे थे. पहिली पाळी.'

आपांनी पाणी मागितलं. पण सुकेशनीचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत होती.

"मागच्या आठवड्यात तुमची कुठली पाळी होती?"

"पहिली. का?"

"का म्हणून विचारताय? वर तोंड करून? 'ते डबडं भंगारात घाल' असं रोज कोण म्हणत होतं?"

"अगं, म्हणून मी कशाला... मला टीव्हीचा रिमोट नीट येत नाही!"

"थांबा दोघंही," आपा म्हणाल्या. आवाज थेट तक्रार विभागातला. "सुकेशनी, मंगळवारी अकरा चाळीसला तू कुठं होतीस?"

"शाळेत. पालकसभा होती."

"हे कुणाला माहीत होतं?"

"घरात. आणि... आदल्या दिवशी झालेले शब्द तपासायला तात्यांना पेन ड्राइव्ह द्यायला गेले, तेव्हा बोलले असेन."

"घरी कोण होतं?"

"मामंजी."

आपा खिडकीकडं वळल्या. "मुंजाबाबा, त्या दिवशी घरात कोण कोण आलं?"

"बाहीरची तिघं," मुंजाबा क्षणभरही न थांबता म्हणाले. "आत तीन, बाहीर तीन. मी मोजतो. हितं मेंढरं नायत, म्हणून मानसं मोजतो."

"कोण तिघं?"

"कचरा नेनारी बाई. खोकं देनारा पोरगा, पळत आला, पळत गेला. आन् तो मशीनवाला."

"कुठला मशीनवाला?" सुकेशनी ओरडली.

"म्या तुला सांगितलं व्हतं की. मशीनवाला येऊन गेला म्हून. तू म्हनलीस, बरं."

सुकेशनी कपाळाला हात लावून बसली. बिघडलेला प्रिंटर बघायला दुकानातला माणूस आला असेल, असं तिला वाटलं होतं.

"तोंड दिसलं का?"

"तोंड कुठनं दिसतंय? म्या पावलानं वळखतो. डावा पाय वढत व्हता. जुनं दुखनं, कालपरवाचं नाय. माझ्या कळपात असता, तर कवाच बाजार दाखवला असता."

आपा उठल्या, बाल्कनीत गेल्या आणि एक फोन केला. आत फक्त एवढंच ऐकू आलं, "उद्याच्या शब्दकोशाबद्दल विचारत होते... हो... आणि नाव कुणाचं?"

दुसरा फोन त्यांनी आत येऊन, सगळ्यांसमोर केला.

"तात्या, तुमचंच खरं. मशीन गेलं. सुकेशनी वही द्यायला तयार आहे. पण ती रडतेय, म्हणते तात्यांच्याच हातात देईन. पेन ड्राइव्ह घेऊन याल का?"

दिवाळीपासून जिना न उतरलेला गुडघा वीस मिनिटांत एक जिना उतरला, रिक्षात बसला आणि दोन मजले चढून वर आला.

तो जिन्यात असतानाच मुंजाबांनी काठी आपटली.

"आला. मंगळवारचा."

तात्यासाहेब दारात उभे राहिले. पांढरा सदरा, खिशाला पेन, चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी काळजी. "कुठाय वही?"

"बसा तात्या," आपा म्हणाल्या. "आधी फॉल्ट सापडला, तो सांगते. चुकलं तर दुरुस्त करा. गुरू तुम्ही आहात."

तात्या बसले.

"सोमवारी हिनं तुम्हाला तीनशे शब्द दिले. मंगळवारी मशीन लंगडं झालं. दुखणं नव्हतंच, मेमरी आणि प्रोसेसर बांधून ठेवले होते. मग वाटलं, हा बिभीषण. पहिली पाळी लिहिलंय, ह्याची पहिली पाळी. पण पहिल्या पाळीतला माणूस अकरा चाळीसला वाळूजला यंत्रावर उभा असतो. आणि हा बिचारा कुंडली बघायला पंधरा मिनिटं ॲप शोधतो."

"त्यात काय..." बिभीषण पुटपुटला.

"मशीनचा पासवर्ड तुम्ही घालून दिलेला. सभा तुम्हाला ठाऊक. दिवाळीपासून घराबाहेर पडलो नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. ह्या बाबांनी पाऊल ऐकलं, डावं. शहाण्णव साली तुम्ही खांबावरून पडलात, तात्या. त्यानंतर पाळी बदलताना एक्स्चेंजचा जिना रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरलात. तो पाय मला ऐकावा लागत नाही."

"हसीना, लंगडणारे हजार आहेत शहरात."

"आहेत. म्हणून हे."

आपांनी कीबोर्ड उचलला, खालची चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. सुकेशनीनं वाचली. तारीख होती. खाली लिहिलं होतं, 'जैसे थे. दुसरी पाळी.'

"हे मी आज दुपारी लिहिलं, हात लावायच्या आधी. एक्स्चेंजची रीत. नाव लिहायचं नाही. पाळी लिहिली की माणूस कळायचा. पहिली तुमची, दुसरी माझी. ही रीत मला कुणी शिकवली, तात्या? चोरी करतानासुद्धा तुमच्यानं चिठ्ठी लिहिल्याशिवाय राहवलं नाही."

तात्यांनी चिठ्ठीकडं बघितलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"चोरी म्हणू नकोस. शनिवारी येऊन मी सगळं पूर्ववत करणार होतो. मशीनचं काही नुकसान केलेलं नाही."

"मशीनचं नाही केलंत. मी प्रकाशकाशी बोललेय. संकलक, तात्यासाहेब. शेवटच्या पानावर आभार, टंकलेखन साहाय्य, सुकेशनी."

सुकेशनी तात्यांसमोर येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "तात्या, 'च' कुठं आहे ते तुम्ही मला बोट धरून दाखवलंत."

"चौतीस वर्षं," तात्या म्हणाले, "लोकांचे आवाज जोडून दिले. कुठं माझं नाव आलं? एकदा छापील बघावं वाटलं. तुझं वय आहे, तुझी होतील अजून दहा पुस्तकं."

"माझं नाव तरी कुठं आलं होतं, तात्या?" आपांनी विचारलं. "मी कुणाचं उचललं?"

मुंजाबांनी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "पाव्हनं, दुसऱ्याच्या मेंढरावर आपली निशानी टाकनारा आमच्यात बी असतो. त्याला मारत नाय आमी. त्याच्या शेजारी कळप बसवत नाय."

आपांनी फोन पुढं केला. प्रकाशकाचा नंबर लावलेलाच होता, स्पीकर चालू. तात्यासाहेबांनी स्वतःच्या तोंडानं संकलकाचं नाव दुरुस्त करून दिलं. दोनदा सांगावं लागलं. पेन ड्राइव्ह त्यांनी टेबलावर ठेवला.

आपांनी त्या दोन खुणा काढल्या आणि मशीन बंद करून चालू केलं. एक मिनिट दहा सेकंद. खर्च, एक ब्रश, तोही जुना.

तात्या उठले. दारापर्यंत गेले. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी सवयीनं डावा हात बाजूला केला, खांदा शोधत.

आपा खोलीतच उभ्या होत्या.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग कठड्याला लागला. एक पाऊल, एक ओढ. एक पाऊल, एक ओढ.

"थांबला," मुंजाबा म्हणाले. "मधल्या वळनावर उभा हाय. मागं कुनी ऱ्हायलंय का त्याचं?"

हसीनाआपांनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसला.

"नाही, बाबा. मोजून बघा. सगळी आत आहेत."

त्यांनी सुकेशनीसाठी खुर्ची ओढली, वही उघडून तिच्या पुढ्यात ठेवली आणि खालच्या जिन्यातून पुन्हा पाऊल वाजायच्या आत म्हणाल्या,

"शब्द तीनशे एक. सांगा मुंजाबाबा, ह्याचा अर्थ काय?"