जिवंतपणी घातलेलं श्राद्ध

बसा रे, घोंगड्या ओढून घ्या. शेवटची बोट गेली. आता पहाटेपर्यंत मेळ्यातल्या हरवल्या-सापडल्यांच्या या मंडपात आपणच. त्रिलोचन भुइयांची गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीचा माणूस आहे. ओळखीचा म्हणतो खरं, पण त्याचं नाव घेतलं की चूळ भरावीशी वाटते.

काकद्वीपच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान. आई सरोजबाला ऐंशीच्या पुढची. डोळ्यांनी अधू, आणि रात्री अंथरूण ओलं करायची. एवढाच तिचा गुन्हा. ती वर्षानुवर्षं म्हणायची, "खोका," म्हणजे बाळा, "एकदा गंगासागरला ने रे बाबा." हा दरवेळी म्हणायचा, पुढच्या वर्षी. गेल्या पौषात मात्र स्वतःहून म्हणाला, "चल मा, संक्रांतीचं स्नान करून येऊ." म्हातारी इतकी हरखली, की आळीतल्या सगळ्यांचे नमस्कार कपिल मुनींना पोचवायला घेऊन निघाली. एकेकाचं नाव पाठ केलं होतं तिनं.

स्नान झालं. दर्शन झालं. सगळ्यांचे नमस्कार पोचले. मग या शहाण्यानं तिला वाळूत बसवलं आणि म्हणाला, "इथंच बस. चुरमुरे घेऊन येतो."

"तू पण खा हो दोन घास," ती म्हणाली.

तो गेला तो थेट बोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत.

तासाभरात आमच्या पोरांनी तिला इथं आणलं. तिनं सगळं नीट सांगितलं. फोन नंबर तेवढा ठाऊक नव्हता. मी पुकारायला बसलो. "काकद्वीपचे त्रिलोचन भुइयां, आपली आई सरोजबाला दोन नंबरच्या मंडपात आपली वाट पाहत आहे." खांबाखांबावर कर्णे. बसच्या रांगेतही कर्णा. त्रिलोचन ऐकतोय. पुढचा पुरुलियाचा म्हातारा त्याला म्हणाला, "काय एकेक पोरं! आई हरवते म्हणजे काय हो?"

"नाहीतर काय," त्रिलोचन म्हणाला, "लाज वाटत नाही लोकांना."

आणि खिडकीची जागा धरून बसला. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय. सांगताना रडत होता. रडू दे.

घरी जाऊन त्यानं काय सांगितलं? आई गर्दीत कोसळली, गेली, तिथंच अग्नी दिला, भाग्यवान म्हातारी, तीर्थावर मरण आलं! बायको झर्ना ओक्साबोक्शी रडली. यानं सुतकाचं पांढरं वस्त्र गुंडाळलं, स्वतःच्या हातानं हविष्यान्न शिजवायला लागला, आणि अकराव्याच्या पंगतीला दोनशे पानं ठरवली. चौथ्या दिवशी मी इथून माणूस पाठवला. भर बाजारात, सुतकी वेषात त्रिलोचन त्याला म्हणाला, "माझी मा संक्रांतीलाच गेली. ती म्हातारी दुसरी कुणी असेल." लोकांनी माझ्याच माणसाला हाकललं.

"मग पोलिसांत का नाही गेलात, जेठू काका?"

तिनं जाऊ दिलं नाही रे पोरा. तापानं फणफणली होती, तरी माझा हात धरून म्हणाली, "पोलीस नको हं. कामात असेल तो." मी म्हणालो, येतोय, वाटेत आहे. मीही खोटंच बोललो. त्याची मला आजही लाज वाटते.

आता ऐका. तेवीस जानेवारीची रात्र. दुसऱ्या दिवशी श्राद्ध. मागच्या परसात संदेश मिठाईच्या टोपल्या येऊन पडलेल्या. झर्ना आतल्या खोलीत. त्रिलोचन सुतकाच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या खोलीत जमिनीवर, पेंढ्यावर एकटा. गाढ झोपलेला. अशांना झोप बरी लागते.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली.

लांब नदीकडे कुणीतरी पुकारत होतं. कर्ण्यातून.

"काकद्वीपचे त्रिलोचन भुइयां..."

मेळा उठून आठवडा झालेला. इथले कर्णे उतरवून मी स्वतः पेटाऱ्यात भरले होते. आणि आवाज माझा होता. मी त्या वेळी इथं या बेटावर, इस्पितळात, तिच्या उशाशी होतो.

आवाज बाजारात आला.

"...आपली आई..."

मग गल्लीत. कुत्रं भुंकलं नाही. झर्ना उठली नाही.

मग अंगणात.

"...वाट पाहत आहे."

मग एकदम गप्प.

त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. दाराची कडी वाजली नाही. पण पेंढा करकरला. शेजारी कुणीतरी बसलं. हळू. गुडघे दुखणारं माणूस बसतं तसं.

"खोका..."

...

"खाल्लंस का रे काही?"

मग वस्त्राला ओढ लागली. एकदा. पुन्हा एकदा. आणि मग काही नाही. उजाडेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

सकाळी झर्ना चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, ही गाठ कसली? मेळ्यात म्हाताऱ्या मारतात तसली... पोरगं गर्दीत हरवू नये म्हणून."

त्याच्या वस्त्राच्या टोकाला दुसऱ्या कापडाचं टोक बांधलेलं. ओलं. श्राद्धासाठी आलेल्या न्हाव्यानं नखं लावली, दात लावले. सुटेना. हा दोनशे पानं तशीच टाकून पहिल्या बोटीनं इकडे पळाला. मी स्मशानातून परतत होतो.

"जेठू," तो म्हणाला, "मा बरी आहे ना?"

मी विचारलं, "पंगत उठली का रे?"

तो तिथंच वाळूत बसला आणि त्यानं मूठ उघडली. पांढरं कापड. बारीक निळा काठ.

पोरांनो, एक चाळीसला तिचे डोळे मी मिटले होते. इस्पितळाचं दार बंद होतं, परिचारिका शेजारी उभी होती. तोंडावर तिचा निळ्या काठाचा पदर ओढायला गेलो, तर पदर पुरेना. शेवटचं वीतभर टोकच नव्हतं.

उरलेली साडी तिच्याबरोबर जळली. ती मी स्वतः जाळली. ती गाठ अजून कुणालाही सुटलेली नाही.