आक्काच्या पायाची प्लेट

मी प्रयोगशाळेतली बाई. अंगारे-धुपारे, भानामती, सगळं मला थोतांड वाटतं, आणि तसं तोंडावर सांगायलाही मी भीत नाही.

त्या दुष्काळात अंबाजोगाईला आमच्याकडं हत्तीरोग्यांच्या कातडीवरचे जंतू तपासायचं काम होतं. सुजलेल्या पायावरून कापसाची काडी फिरवायची, काचेच्या प्लेटवर ओढायची, जंतू वाढायला उबेच्या कपाटात ठेवायची. वडवणीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, रतनआक्काचा पायही असाच खांबासारखा. तिचाही नमुना घेतला. इतरांचे जंतू चार दिवसांत मान टाकायचे. आक्काचे मात्र सायीसारखे वाढतच राहिले. असले जंतू डॉक्टरांनीही पाहिले नव्हते.

एकदा ती प्लेट फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी वडवणीच्या दूध सोसायटीतून फोन: आक्काला हुडहुडी भरली, गोधड्या घालूनही ऊब येईना. प्लेट बाहेर काढली, आक्काची थंडी गेली. योगायोग, म्हटलं. पुढं आमच्या शिपायानं, शहादेवनं, ती चुकून परत फ्रिजात टाकली. परत फोन! मग मात्र मी हबकले. प्लेट उबेच्या कपाटात मागं लपवली. सांगणार कुणाला? खो-खो हसले असते.

वापरलेल्या प्लेटांवरचे जंतू प्रेशरच्या वाफेत मारून टाकायचे असतात. पण पाण्याचा ठणठणाट, त्यामुळं प्लेटांचा नुसता ढीग साचला होता.

रजा काढून आक्काकडं गेले. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती.

"वच्छे, आज पाय लई हलका वाटायलाय गं."

बरं वाटलं जिवाला. तेवढ्यात तिच्या हातातलं सूप पडलं.

"वच्छे, कोन जाळायलंय गं मला?"

मी सोसायटीत पळाले. लॅबला फोन लावला.

"शहादेव, काय करतोयस?"

"बाई, टँकर आला न्हवं! समद्या प्लेटा वाफेला लावल्या. कपाट बी साफ केलं."

"बंद कर! झाकण उघड!"

"प्रेशर उतरल्याबिगर न्हाई उघडत, बाई."

परतले तेव्हा आक्का गेली होती.

माझी आक्का. आईमागं तिनंच मला वाढवलं.

बायकांनी तिला न्हाऊ घालायला घेतलं. अंग गार पडलेलं. पायाला हात लावताच तिच्या सासूनं, भामाबाईनं, तो झटकन मागं घेतला.

"कावून गं, ह्यो पाय आजून कढत कसा?"

वस्तीनं घरातलं प्यायचं पाणी आणून दिलं. मी रडत पायावर ओतत राहिले.

घागरी संपल्या.

पायावरून वाफ निघतच होती.