एका हाताची गोधडी

वनमाला जिना चढून वर आली तेव्हा तिच्याजवळ पिशवी नव्हती, कागद नव्हता. होता फक्त मोबाईल, आणि तोही तिनं दोन्ही हातांत धरला होता, आजारी पाखरू धरावं तसा.

"चोरी हुडकून देत्यात ते इथंच का?" तिनं दारातूनच विचारलं.

बीडच्या बशीरगंजात, भांड्यांच्या दुकानावरच्या त्या खोलीत राजनंदिनीची चौकशी कचेरी होती. कामं बहुतेक लग्नाची. मुलगा खरंच नोकरीला आहे का, आधी कुठं ठरून मोडलं होतं का, असली. सुग्रीव तिची गाडी चालवायचा. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. रस्ते त्याला पाठ होते, माणसं मात्र उशिरा उमगायची.

"काय गेलं चोरीला?" राजनंदिनीनं विचारलं.

"जागा," वनमाला म्हणाली. "गूगलमधली."

सुग्रीवला हसू आलं. तिचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं.

वनमालानं सगळं सांगितलं. आष्टीकडच्या वाडीतल्या बायका, हातानं शिवलेल्या गोधड्या, त्यांची स्वतःची साईट. "दिवाळी सरली की आमी ऊस तोडायला जातो, गुढीपाडव्याला परततो. तवर साईटवर कोण आलं तर त्याला धोंडप्पांच्या दुकानाच्या साईटकडं वळवायचं. आष्टीत कापडाचं दुकान हाय त्यांचं. आमचा शिवलेला माल ते विकत्यात. आलो की वळण काढायचं, परत आमचं आमी. दोन वर्सं नीट चाललं."

"आणि यंदा?"

"यंदाबी काढलं. पत्ता टाकला तर साईट आमचीच उघडती. पण 'हातशिलाईची गोधडी' म्हणून हुडकलं की पैल्या नंबराला आमी असायचो ना, तिथं आता दुकान. आमी कुटंच न्हाई. पाडव्यापासून आर्डर न्हाई, ताई."

ती थोडं थांबली. "बायकांनी ठरवलंतं, यंदा उसाच्या फडात जायाचं न्हाई. लेकरांची शाळा मोडायची न्हाई. आता तोडीला माणसं नेणारा मुकादम दारात येतोय. दसऱ्याच्या आत नावं सांगा म्हणतोय. काय सांगू मी त्याला?"

राजनंदिनीनं आपल्या फोनवर पत्ता टाकला. लाल-निळ्या ठिगळांचं पान उघडलं. वनमालाच्या फोनवरही तेच. सुग्रीवनं, आपणही काही करावं म्हणून, स्वतःच्या फोनवर टाकून पाहिला.

त्याच्या फोनवर धोंडप्पांचं दुकान उघडलं.

त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा दुकान. त्यानं फोन गुपचूप खिशात सारला. राजनंदिनीनं एकदा वर पाहिलं, पण विचारलं काही नाही.

"दिवाळीनंतर निघताना वळण बघितलं होतं का?" तिनं वनमालाला विचारलं.

"बघितलं की. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या. नीट दुकानाकडं जात होतं."

"याच फोनवर?"

"दुसरा कुटनं आणू?"

पोळा नुकताच होऊन गेला होता. रस्त्याकडेच्या गोठ्यांत बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटत होता. वनमाला मागं बसली होती. सुग्रीव आरशात बघायचं टाळत गाडी हाकत होता.

आष्टीत आधी गाठला तो रवि. धोंडप्पांचा पुतण्या, कॉम्प्युटरचं छोटं सेंटर चालवायचा. साईट त्यानंच बांधली होती. वनमालाला पाहून तो खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला.

"मी तात्पुरतंच टाकलं होतं, मॅडम. देवाशपथ."

"मला काही कळत नाही असं समजून सांगा."

"बाहेरगावी जाताना दुकानाला पाटी लावतो ना, 'परत येईपर्यंत शेजारी चौकशी करा'? ते तात्पुरतं वळण. गूगल ती पाटी वाचतं आणि मूळ दुकानाची जागा राखून ठेवतं. दुसरी पाटी म्हणजे, 'दुकान हलवलंय, इथून पुढं तिकडंच या.' ते कायमचं. ती वाचली की जुन्या दुकानानं कमावलेली सगळी पत हळूहळू शेजाऱ्याच्या नावावर होते."

"पाडव्याला काढलीत ती पाटी कुठली होती?"

रवि टेबलाकडं बघत राहिला. "वाचलीच नाही. ओळ दिसली, पुसून टाकली. लगीनसराई होती, पत्रिकांची घाई."

"मध्ये कुणी बदलली, ते कुठं दिसत नाही?"

"साईट ठेवायला स्वस्तातली जागा घेतलीय, मागचं काही साठत नाही. आत शिरायला पासवर्ड लागतो. तो मी पहिल्याच वर्षी काकांच्या दुकानात सांगून ठेवलाय, अडीनडीला. शिवाय दर वेळी वनमालाकाकूंच्या फोनवर आकडे येतात. ते टाकल्याशिवाय दार उघडत नाही."

"तुम्ही किती वेळा मागितले?"

"जाताना एकदा, आल्यावर एकदा."

वनमालानं मान डोलावली.

बाहेर आल्यावर सुग्रीव हळूच म्हणाला, "बाई, फायदा बघा कुणाचा. मुकादमाचा. बायका फडात गेल्या की त्याचं भलं."

"त्याला पासवर्ड कोण देईल, मामा?"

सुग्रीवनं किल्ली काढली आणि गाडीकडं वळला.

धोंडप्पा गादीवर बसले होते. कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात बटणांचा जुना फोन. "शरणार्थ, या," म्हणाले आणि वनमालाला बघून आवाज खाली आला. "बस, पोरी."

"यांचा माल कधी संपला?" राजनंदिनीनं विचारलं.

"तिळगुळाच्या आदीच. सुनेनंच सांगितलं, मामंजी, फडताळ रिकामं झालं. म्हटलं, मग आपली ती गोधड्यांची साईट बंद कर बाई. आता कोण येतंय."

"पण लोक येत राहिले."

धोंडप्पांनी फोन उलटा करून गादीवर ठेवला. "आले. पाडव्यानंतरबी आले. मी विचारलं न्हाई, कावून येतायत. आलेलं गिऱ्हाईक दारातनं कोण परत लावतंय? चुकलं म्हणा."

"आणि त्यांना देता काय?"

"ईश्वरी मागवती कुटनंतरी. ते तिचं खातं."

ईश्वरी चहा घेऊन आली. नवरा पुण्यात नोकरीला, ही इथं सासऱ्याच्या हाताखाली. "बाहेरून येतात," ती म्हणाली. "आत्ता एकही शिल्लक नाही." वनमालाच्या पुढ्यात कप ठेवताना बशीत चहा सांडला. तिनं तो पदरानंच पुसला.

वाडीत पोचले तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर त्या बायकांतली रतनबाई गोधडी शिवायला घालून बसली होती. कडेकडेनं टाका घालत ती मधोमध आली होती. आता तिनं सुई दोऱ्यासकट वनमालापुढं धरली.

"का, थकला का?" सुग्रीवनं विचारलं.

"थकंन कशाला? शेवटचा फेर जिनं गोधडी घातली तिनं घालायचा नसतो. दुसरीनं घालायचा."

"कावून?"

"एकलीनं मिटवलेली गोधडी एकलीच निजवती, म्हणायची आमची सासू." आणि टाके घालणाऱ्या वनमालाकडं बघत रतनबाईनं सहज सूर लावला:

*गोधडी मी घातली, धागा धाग्याला धरून,*
*शेवटच्या फेरासाठी सई बोलविली दुरून.*

राजनंदिनी वाकून बघत राहिली. रतनबाईचा टाका तांदळाएवढा बारीक. वनमालाचा जरा लांब, किंचित तिरका. नवख्या डोळ्यालाही दोन हात वेगळे दिसत होते.

"फडात असताना फोन यायचे का कुणाचे?" तिनं वनमालाला विचारलं.

"दुकानातनं यायचे. माप कसं घेता, कोपरा कसा दुमडता, फोनवर काय आलंय ते वाचून दाखवा. मोळी बांधता बांधता सांगायची मी. तिथं कुणाला उसंत असती?"

वनमालाला वाडीतच सोडून दोघं बीडकडं निघाले. पाटोदा मागं पडलं. मग सुग्रीवनं गाडी कडेला घेतली.

"बाई, माझ्या फोनवर दुकान उघडतंय. सकाळपासून."

"दिसलं मला."

"नातीसाठी गोधडी मागवली होती. संक्रांत झाल्यावर. हिचाच पत्ता टाकला होता, दुकानाचं पान आलं, मी म्हटलं असेल तसंच. घेऊन टाकली." त्यानं गाडी बंद केली. "ती उन्हात मोळ्या बांधत होती, आणि तिच्या पोटावर पाय द्यायला मीही होतोच की. दिवसभर मागं बसली होती, आणि मला आरशात बघवेना."

"मामा, ती गोधडी कुठंय?"

"नात निजलीय तिच्यावर."

सुग्रीवच्या घरी त्यानं स्वतःच पोरीला अलगद उचललं आणि गोधडी राजनंदिनीच्या हातात दिली. ठिगळं तशीच, कोपरे तसेच दुमडलेले. तिनं कडेपासून बोट फिरवत मध्यापर्यंत आणलं आणि तिथंच थांबली.

"उद्या पुन्हा आष्टी," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पांच्या दुकानात सगळे जमले. शटर अर्धं खाली ओढलं होतं. रवि लॅपटॉप घेऊन आला होता.

"सुरुवात फोनपासून," राजनंदिनी म्हणाली. "रवि, कायमचं वळण फोन लक्षात ठेवतो ना?"

रविनं कपाळावर हात मारला. "ठेवतो. एकदा 'हलवलंय' असं वाचलं की पुढच्या वेळी तो मूळ दाराशी विचारायलाही जात नाही, थेट नव्याकडं जातो. तात्पुरतं असेल तर दर वेळी नव्यानं विचारतो."

"वनमालाबाईंनी वळण बघितलं दिवाळीनंतर. त्यांचा फोन आज नीट चालतो. म्हणजे तेव्हा पाटी तात्पुरती होती, रवि खरं बोलतोय. मामांनी साईट उघडली संक्रांत झाल्यावर. वळण काढून इतके महिने झाले, तरी त्यांचा फोन अजून इथंच येतो. म्हणजे तोवर पाटी बदलली होती. या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी आत शिरलं."

"पण आकडे माझ्याच फोनवर येत्यात," वनमाला म्हणाली. "ते रविबिगर कुणी मागितलेच..." ती थांबली. "वाचून दाखवा म्हणायचे."

"हो. दुकानातून. पासवर्डही दुकानात होता."

धोंडप्पा ताठ झाले. "माझ्याकडं हा असला फोन, बाई."

"तुमच्यावर मी थोडा वेळ संशय घेतला होता. पण फोनवरून कोपरा कसा दुमडायचा हे कोण विचारतं? ज्याला गोधडी विकायची असते तो नाही. जिला शिवायची असते ती." तिनं सुग्रीवच्या नातीची गोधडी गादीवर पसरली. "वाडीचा माल तिळगुळाच्या आधी संपला. ही त्यानंतर आलीय. बघा, वनमालाबाई."

वनमालानं मधल्या फेरावर बोटं टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली.

"एकाच हाताची हाय," ती म्हणाली. "कडेपासून शेवटपर्यंत."

"बाहेरून मागवलेली असती तर वाडीची दुमड आली नसती. वाडीची असती तर शेवटचा फेर दुसऱ्या हाताचा असता. ही तिनं शिवलीय जिनं फोनवरून सगळं शिकून घेतलं. आणि जिला शेवटचा फेर घालायला कुणी नव्हतं."

ईश्वरी उभी होती तिथंच खाली बसली.

"फडताळ रिकामं झालं आणि मामंजी म्हणाले, बंद कर," ती सावकाश बोलू लागली. "एक बाई रोज विचारायची, आहे का, आहे का. म्हटलं, आपणच करून बघू. तिला आवडली. मग दुसरीनं मागितली. रविभाऊजी पाटी लावताना मी दोन्ही वर्षं शेजारी बसून बघितलं होतं. पाडव्याला ती निघाली की माझ्याकडं कुणी येणार नाही, हे माहीत होतं. म्हणून बदलली."

"आमचं काय हुईल, ते माहीत होतं का?" वनमालानं विचारलं.

"होतं." ईश्वरीनं ओठ दाबले. "तुम्ही आकडे वाचून दाखवलेत, आणि वर विचारलंत, जेवलीस का. त्या रात्री मला घास गेला नाही. तरी परत फिरवलं नाही मी."

सुग्रीवला वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

"उपाय?" राजनंदिनीनं रविकडं बघितलं.

"दुकानाचं गोधडीचं पान काकूंच्या साईटकडं वळवायचं. कायमचं. तात्पुरतं चालणार नाही, त्यानं पत परत जात नाही. पण काही आठवडे लागतील. दसऱ्याच्या आत होईल असा शब्द मी देऊ शकत नाही."

त्यानं लॅपटॉप पुढं सरकवला. ईश्वरीनं तो आपल्याकडं ओढला. तिच्या पानावर तिनं काढलेले फोटो होते, खाली कुणाकुणाचे दोन-दोन शब्द. तिनं ते एकदा वाचले, मग 'कायमचं' निवडलं आणि बटण दाबलं. पान नाहीसं झालं.

धोंडप्पा उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच हात मागं घेतला.

वनमालानं बोटांनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "आर्डरी येईतवर बायकांच्या चुली कशावर पेटायच्या? एक नवरा-बायकोची जोडी तरी फडात गेली पायजे, मुकादम आगाऊ पैसं देतो, म्हंजी बाकीच्यांना थांबता येईल. आकडे मी वाचले. तर माझी जोडी जाईल. बाकीच्या न्हाई."

"तुम्ही फसवल्या गेलात," राजनंदिनी म्हणाली. "दोष तुमचा नाही."

"रतनबाईला कोण समजावणार ते?" वनमाला ईश्वरीकडं वळली. "मी नसताना साईट तू बघायची. आर्डर, फोन, समदं. वाडीत यायचं, रतनबाईच्या शेजारी बसायचं."

ईश्वरीनं दचकून वर बघितलं. "मी कशी, काकू? त्या मला दारात उभी करतील का?"

"न का करंनात. तरी बसायचं."

"तुम्ही मला..."

"माफ केलं म्हणून न्हाई," वनमाला म्हणाली. "तुला येतंय म्हणून."

ती शटरखालून वाकून बाहेर गेली. सुग्रीव मागोमाग धावला आणि त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

"वाडीला?" त्यानं विचारलं.

"आदी मुकादमाच्या घरी. नाव सांगून टाकते, भाऊ."

सुग्रीवनं गाडी सुरू केली. गावाबाहेर रस्ता मोकळा होता, पुढं एकही वाहन नव्हतं. एवढी हळू त्यानं एसटीसुद्धा कधी चालवली नव्हती.