बारापर्यंतचं मौन

“चातुर्मासात दुपारी बारापर्यंत तोंड उघडायचं न्हाय, पोरी. मिटल्या तोंडाचं मागणं देव आधी ऐकतो.”

सारजाआत्या आता नाही, पण तिचं हे सांगणं आठवलं की स्वरूपाला अजूनही हसू येतं. टाळेबंदीनंतर बारामतीचा शिलाई कारखाना बंद पडला, तेव्हा स्वरूपानं हे व्रत धरलं होतं. पुन्हा काम लागू दे, एवढंच मागणं. त्यात त्या वर्षी अधिक महिना आलेला... चार महिन्यांचं मौन पाच महिन्यांवर गेलं.

कळसहून पहिल्या एसटीनं येऊन ती कामगार विमा कार्यालयाच्या रांगेत उभी होती. काम गेलेल्यांना तीन महिने भत्ता मिळायचा, दर महिन्याला अर्ज द्यायचा. मागून आवाज आला –

“पेन हाय का जादा?”

तिनं पेन दिलं.

“मी नागेश, पिंपळीचा. तुमी?”

तिनं मास्कवर बोट ठेवलं.

तो ओशाळला. “माफ करा... बोलता येत न्हाय, हे ध्यानात आलं न्हाय.”

मग तासभर तो हातवारे करून आपला कारखाना कसा बंद पडला ते सांगत राहिला. फिरणारं यंत्र, गेटचं कुलूप, साहेबाचं पोटसुद्धा. हसू दाबून दाबून तिचे डोळे पाणावले. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालली होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, तशी ती म्हणाली, “पेन द्या की माझं.”

नागेश मटकन पायरीवर बसला. “तासभर नाचवलंत मला.”

“मी कुठं? तुमीच नाचला.”

पुढच्या महिन्यात तो आपसूक तिच्या मागंच उभा राहिला. बारापर्यंत तो बोलला, बारानंतर चहाच्या टपरीवर ती.

“लई सोयीचं व्रत हाय,” तो म्हणाला. “निम्मा दिवस भांडण न्हाय.”

“आन् उरलेला निम्मा?”

“तो ऐकायला जन्म पुरायचा न्हाय मला...”

ती चहाच्या वाफेकडं बघत राहिली. फोन नंबर मागायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही.

तिसऱ्या महिन्यात तो गप्प गप्प होता. अर्ज दिल्यावर म्हणाला, “भत्ता संपला. मामा टँकरवर बोलवतोय, गुजरातला. आजच निघतो. अजून तीन महिनं मिळता, तर हितंच काम धुंडलं असतं. आन्... कळसला येऊन तुमच्या आबांना भेटलो असतो. आईशप्पत.”

सव्वाअकरा वाजले होते. स्वरूपानं नुसतं बघितलं. तो गेला.

तेवढ्यात शिपायानं दारावर कागद चिकटवला. मंदीमुळं भत्ता आणखी तीन महिने.

ती धावत स्टँडवर गेली. नागेश पाठमोरा एसटीत चढत होता, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. हात हलवून काय उपयोग...

“नागेश, उतरा!”

अख्खी गाडी वळून बघायला लागली. तो उतरला.

“भत्ता वाढलाय... तीन महिनं,” ती धापा टाकत म्हणाली, आणि एकदम तिनं तोंडावर हात ठेवला. “व्रत मोडलं. काम लागावं म्हणून धरलं होतं हो...”

नागेशनं स्टँडच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेबारा.

“माझ्यापायी मोडलं न्हवं? मग उरलेलं मी पाळतो. कार्तिकीपर्यंत, रोज बारापर्यंत.”

“तुमी? आन् गप्प?”

“व्हय. आन् आबांना भेटायला उद्याच येतो.”

“उद्या कशाला?” ती पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली. “आबा आज घरीच हायेत.”

काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं. मास्क नाकावर ओढला आणि मुकाट्यानं कळसच्या एसटीकडं चालू लागला.